तीनदा झाडलेली खोली : बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

1872 च्या शरद ऋतूत अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन येथील संस्थेच्या दारात सोळा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा येऊन उभा राहिला. कित्येक दिवसांत त्याला अंघोळ मिळाली नव्हती, पोटभर जेवण मिळाले नव्हते, अंगावरचे कपडे प्रवासात मळून गेले होते आणि खिशात बरोबर पन्नास सेंट उरले होते. मुख्य शिक्षिका मेरी मॅकी यांनी त्याला प्रवेश दिला नाही आणि परतही पाठवले नाही. काही तास तो तसाच घुटमळत राहिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत इतर मुलांना प्रवेश मिळत गेला. अखेर बाईंनी त्याला सांगितले, की शेजारची वर्गखोली झाडायची आहे, झाडू घे आणि ती झाडून काढ.

त्याने ती खोली तीनदा झाडली. मग फडके घेऊन बाके, मेजे आणि भिंतींवरचे लाकूडकाम चार वेळा पुसले. प्रत्येक वस्तू सरकवून तिच्याखालची जागा साफ केली, कोपरे आणि कपाटेही सोडली नाहीत. धूळ नेमकी कुठे दडते हे जाणणाऱ्या मॅकीबाईंनी येऊन हातरुमाल लाकडावरून आणि मेजांवरून फिरवला. रुमालाला काहीच लागले नाही, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, की तुला इथे घ्यायला हरकत दिसत नाही.

हा मुलगा म्हणजे बुकर टॅलियाफेरो वॉशिंग्टन. पुढे अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे त्यांनी जी संस्था उभारली, तिच्यामुळे त्यांचे नाव जगभर गेले आणि ही खोली झाडण्याची गोष्टही त्या नावाबरोबर गेली. गोष्ट खरी मानायला अडचण नाही. अडचण आहे ती तिच्यातून काढल्या जाणाऱ्या अर्थाची, कारण सर्वसाधारणपणे ती अशी सांगितली जाते, की मनापासून झाडू मारला म्हणून दार उघडले. प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न थोडा निराळा आहे. हलाखीत वाढलेला माणूस शिकतो आणि पुढे इतरांच्या शिक्षणासाठी आयुष्य देतो, तेव्हा स्वतःला मिळालेल्या मदतीपैकी नेमके काय तो पुढे पोहोचवतो आणि सांगताना त्यातले काय मागे ठेवतो?

दोन खुलासे आधी करणे आवश्यक आहे. येथील बराचसा तपशील वॉशिंग्टन यांच्या 1901 साली ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनातून आलेला आहे आणि ते लिहिताना लेखक उत्तरेकडील धनिकांकडून संस्थेसाठी देणग्या गोळा करीत होते. देणगीदाराला कष्टाळू विद्यार्थ्याची गोष्ट आवडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यामुळे घटना त्यांच्याकडून घ्यायच्या, पण कोणत्या घटनेवर किती भर द्यायचा ते आपण ठरवायचे, असे धोरण येथे ठेवले आहे. दुसरा खुलासा असा, की 1868 साली स्थापन झालेले हॅम्प्टन हे विद्यापीठ नव्हते. ती प्रामुख्याने शिक्षक घडवणारी संस्था होती. तथापि कोळशाच्या खाणीतून आलेल्या त्या काळच्या कृष्णवर्णीय मुलासाठी तिच्याहून उंच पायरी जवळपास कुठेच नव्हती.

चारशे डॉलरची नोंद

बुकरचा जन्म 1856 साली व्हर्जिनियातील एका शेतमळ्यावर गुलाम म्हणून झाला. आपली जन्मतारीख त्याला आयुष्यात कधी खात्रीने कळली नाही आणि वडील कोण हेही कळले नाही. ते जवळपासच्या कुठल्या तरी मळ्यावरचे गोरे गृहस्थ असावेत एवढेच कानावर आलेले. आई जेन मळ्याची स्वयंपाकीण होती आणि तिची मातीच्या जमिनीची, सुमारे चौदा फूट बाय सोळा फुटांची खोपटी हेच मळ्याचे स्वयंपाकघरही होते. 1861 साली मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात या मुलाची नोंद आहे : किंमत चारशे डॉलर. एखाद्या अभ्यासात विद्यार्थ्याची 'पार्श्वभूमी' असा रकाना असतो; या प्रकरणात तो रकाना दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत भरलेला सापडतो.

त्या काळातील दोन आठवणी पुढील विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली शाळेची. मालकाच्या मुलीची पुस्तके घेऊन बुकर तिच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत जात असे आणि तिथून मागे फिरत असे. गुलामांना एकत्र जमवून लिहायला-वाचायला शिकवणे व्हर्जिनियात कायद्याने बंद होते, तेव्हा त्या उंबरठ्यापुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु आत बाकांवर बसलेली मुले पाहून, तिथे जाऊन बसणे म्हणजे स्वर्गात जाण्यासारखे असेल, असे त्याला वाटत राहिले. दुसरी आठवण सदऱ्याची. गुलामांच्या मुलांना जवसाच्या तंतूंपासून, त्यातही टाकाऊ जाड भागापासून, विणलेला सदरा मिळे आणि तो नवा असताना अंगाला शेकडो टाचण्या टोचाव्यात तसा टोचे. बुकरचा थोरला भाऊ जॉन याने एकदा तो नवा सदरा काही दिवस स्वतः घालून मऊ करून दिला. ही आठवण वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण जॉनकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

माल्डेन : खाण, घड्याळ आणि रफ्नरबाई

1865 साली गुलामगिरी संपली आणि हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डेन येथे सावत्र वडिलांकडे गेले. तिथे मिठाच्या भट्ट्या होत्या आणि मुलांनाही त्यांत काम करावे लागले. प्रत्येक कामगाराच्या पिंपांवर त्याचा आकडा टाकला जाई. सावत्र वडिलांचा आकडा 18 होता, म्हणून बुकरला पहिल्यांदा ओळखता आलेले लिखाण म्हणजे 18 हा आकडा. आईला स्वतःला अक्षरओळख नव्हती, तरी तिने कुठून तरी एक जुनी अंकलिपी मिळवून मुलाच्या हातात ठेवली. ही अंकलिपी त्याच्या शिक्षणातली पहिली मदत होय, आणि ती देणाऱ्या बाईला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते.

गावात कृष्णवर्णीयांसाठी शाळा निघाली, तेव्हा सावत्र वडिलांनी मुलाला कामावरून सोडायला नकार दिला. मग त्याने शिक्षकांकडे रात्री शिकवणी लावली, आणि पुढे सकाळी नऊपर्यंत भट्टीवर काम, मग शाळा, शाळा सुटल्यावर पुन्हा दोन तास काम, अशी तडजोड झाली. परंतु शाळाही नऊलाच भरे आणि ती लांब होती. यावर त्याने उपाय काढला तो असा, की भट्टीच्या कचेरीतल्या घड्याळाचा काटा रोज सकाळी साडेआठवरून नऊवर सरकवायचा. शंभराहून अधिक कामगार त्या घड्याळावर चालत असल्यामुळे गडबड लवकरच मुकादमाच्या ध्यानात आली आणि त्याने घड्याळ पेटीत घालून कुलूप लावले. वॉशिंग्टन यांनी ही लबाडी लपवलेली नाही, आणि मला या प्रकरणात तिचे मोल मोठे वाटते. चांगला विद्यार्थी नियम पाळतो असे आपण धरून चालतो. नियमच त्याला शाळेत वेळेवर पोहोचू देत नसेल, तर हुशार मूल घड्याळाकडे हात लांबवणारच.

नंतर कोळशाची खाण आली. तिथल्या अंधारात दोन खाणकामगारांचे बोलणे त्याच्या कानावर पडले : व्हर्जिनियात कृष्णवर्णीयांसाठी एक मोठी शाळा आहे आणि तिथे गरीब मुलाला काम करून आपला जेवण्याराहण्याचा खर्च भागवता येतो. गाव कुठे, किती लांब, जायचे कसे, यातले काहीच त्याला माहीत नव्हते.

खाणीतून त्याची सुटका झाली ती रफ्नर यांच्या घरकामामुळे. भट्टी आणि खाण यांचे मालक जनरल लुईस रफ्नर यांच्या पत्नी व्हायोला या व्हर्मॉन्टच्या. स्वच्छतेविषयी त्या इतक्या काटेकोर होत्या, की त्यांच्याकडे ठेवलेली मुले दोन-तीन आठवड्यांत पळून जात. बुकर पाच डॉलर महिन्यावर तिथे राहिला आणि टिकला. बाईंनी त्याला हिवाळ्यात दिवसाचा एक तास शाळेसाठी मोकळा दिला, वाचायला उत्तेजन दिले. आणि त्याने एका जुन्या लाकडी खोक्यात फळ्या ठोकून आपले पहिले ग्रंथालय केले. हॅम्प्टनच्या त्या खोलीत जी परीक्षा झाली, तिची तयारी या घरात झाली होती. मॅकीबाईंचा रुमाल स्वच्छ राहिला, कारण रफ्नरबाईंच्या हाताखाली दीड वर्ष काढलेला मुलगा धूळ कुठे साचते ते जाणत होता. तेव्हा निव्वळ जिद्दीने ती खोली स्वच्छ झाली, असे म्हणणे पुरेसे होत नाही. त्या जिद्दीला कोणी तरी हात वळवून दिलेला होता.

प्रवेशाचा हिशेब

माल्डेनहून हॅम्प्टन सुमारे पाचशे मैल, असे वॉशिंग्टन यांनी लिहिले आहे. निघताना गुलामगिरीत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्याच्या हातावर कोणी पाच सेंट, कोणी पंचवीस सेंट, कोणी एखादा रुमाल ठेवला. त्यांच्यापैकी कोणीही आपल्या हयातीत वसतिगृहात शिकायला जाणारे आपले मूल पाहू, असे कधी धरले नव्हते. पैसे वाटेतच संपले. एका ठिकाणी केवळ रंगामुळे मुक्कामाला जागा नाकारली गेली. रिचमंडला पोहोचेपर्यंत जवळ काहीच उरले नव्हते, म्हणून शहरातील लाकडी पदपथाखाली जमिनीवर झोपून त्याने रात्री काढल्या आणि दिवसा जहाजातून कच्चे लोखंड उतरवण्याचे काम करून पुढच्या प्रवासापुरते पैसे जमवले.

प्रवेश मिळाल्यानंतर खरा हिशेब सुरू झाला. जेवण्याराहण्याचे महिन्याला दहा डॉलर, त्यातले काही रोख आणि काही कामाच्या रूपाने. शिक्षण शुल्क वर्षाला सत्तर डॉलर. रफ्नर यांच्याकडचा त्याचा पगार महिना पाच डॉलर होता हे ध्यानात घेतले, तर केवळ शुल्कासाठी चौदा महिन्यांची संपूर्ण मजुरी लागली असती आणि त्याची बहुतेक मिळकत तर घरात खर्च होऊन गेलेली होती. मॅकीबाईंनी त्याला इमारतीच्या साफसफाईचे आणि शेगड्या पेटवण्याचे काम दिले. रात्री उशिरापर्यंत काम आणि पहाटे चारला उठून पुन्हा काम, यातून जेवणखर्चाचा मोठा भाग निघू लागला. उरलेल्यासाठी थोरला भाऊ जॉन अधूनमधून खाणीतल्या कमाईतून पैसे पाठवी. शुल्काचे सत्तर डॉलर मात्र कोणत्याही झाडूने निघण्यासारखे नव्हते. संस्थेचे प्रमुख जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांनी मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथील एका गृहस्थांना विनंती केली आणि त्यांनी शिक्षण संपेपर्यंतचे शुल्क भरले.

याच्या जोडीला एक उधारीही आहे. सुटीत काम करूनही तो संस्थेचे सोळा डॉलर देणे फेडू शकला नाही. खजिनदार जनरल मार्शल यांच्याकडे जाऊन त्याने परिस्थिती जशी होती तशी सांगितली आणि त्यांनी, जमेल तेव्हा दे, माझा विश्वास आहे, असे म्हणून त्याला पुन्हा वर्गात बसू दिले. हिशेबाच्या वहीत सोळा डॉलर म्हणजे एक छोटी ओळ. परंतु जगात कितीतरी विद्यार्थ्यांचे शिक्षण नेमक्या अशाच छोट्या ओळीपाशी तुटते. मोठ्या शिष्यवृत्तीची चर्चा होते, समारंभ होतात. खजिनदाराने दिलेल्या सवलतीला ना छायाचित्र असते ना प्रमाणपत्र.

दोन चादरी

हॅम्प्टनमध्ये काय शिकलो, हे सांगताना वॉशिंग्टन विषयांपेक्षा अंघोळ, दात घासण्याचा ब्रश, मेजावर ठरलेल्या वेळी बसून जेवणे, अंथरुणावरील चादर अशा गोष्टींवर अधिक रेंगाळतात. त्यांतली चादरींची गोष्ट फार बोलकी आहे. अंथरुणावर दोन चादरी होत्या आणि त्यांचे काय करायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. पहिल्या रात्री तो दोन्ही चादरींच्या खाली झोपला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर. खोलीत आणखी सात मुले होती. त्यांचे पाहून पाहून, एक खाली आणि एक अंगावर, हे त्याच्या ध्यानात आले.

येथे थोडे थांबायला हवे. गरिबीतून वर येणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या जगात जी धाप लागते, ती बहुधा अभ्यासक्रमामुळे लागत नाही. ज्या गोष्टी इतरांना न शिकता येतात, त्या आपल्याला येत नाहीत आणि विचारावे तर अडाणीपणा उघडा पडतो, या कोंडीमुळे ती लागते. बुकरने कोणालाही विचारले नाही, त्याने पाहिले. खोलीत सात जण होते म्हणून पाहता आले. एकट्याची खोली असती, तर त्या दोन चादरींचे कोडे सुटायला किती रात्री गेल्या असत्या कोण जाणे.

दुसऱ्या वर्षाअखेर, 1874 च्या सुटीत तो घरी गेला असताना आईचा मृत्यू झाला. घर चालवणारे कोणी उरले नाही आणि पुढच्या वर्षाला परत जाणे दुरापास्त झाले. रफ्नरबाईंनी पुन्हा काम दिले, खाणीतही थोडे काम मिळाले आणि त्याच सुमारास मॅकीबाईंचे पत्र आले, की शाळा उघडण्याच्या दोन आठवडे आधी ये, इमारती स्वच्छ करायच्या आहेत. तो गेला. त्या दोन आठवड्यांत प्रतिष्ठित घराण्यातली ही सुशिक्षित स्त्री त्याच्या बरोबरीने खिडक्यांच्या काचा धुवत होती आणि प्रत्येक काच लख्ख झाल्याखेरीज तिचे समाधान होत नव्हते. वर्गखोलीच्या परीक्षेपेक्षा हा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कष्टाची परीक्षा घेणारा स्वतः बादली उचलतो की नाही, यावर त्या परीक्षेचा प्रामाणिकपणा अवलंबून असतो. 1875 मध्ये त्याने हॅम्प्टनचा अभ्यासक्रम पुरा केला.

घेतलेले परत करणे

येथून पुढे त्यांचा उल्लेख आदरार्थी करणे योग्य. वॉशिंग्टन माल्डेनला शिक्षक म्हणून परतले आणि सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत शिकवू लागले, कारण दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा लागतेच, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. गावातील काही तरुणांना त्यांनी हॅम्प्टनसाठी तयार केले. आपल्या शिक्षणापायी खाणीत राहिलेल्या जॉनला त्यांनी हॅम्प्टनला पाठवले आणि जॉन शिकून आल्यावर दोघांनी मिळून कुटुंबात दत्तक घेतलेल्या जेम्सला पाठवले.

1878 मध्ये वॉशिंग्टन शहरातील वेलँड सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेत त्यांनी सुमारे आठ महिने काढले. तिथले विद्यार्थी बऱ्या स्थितीतले होते, कपडे नीटनेटके, आणि अनेकांचा खर्च दुसरे कोणी करीत असे. हॅम्प्टनप्रमाणे काम करून शिकण्याची सक्ती तिथे नव्हती. हे विद्यार्थी कमी स्वावलंबी आहेत, असे मत त्यांनी बनवले आणि ते पुढे बदलले नाही. मला हे मत घाईचे वाटते. स्वतःचेही शुल्क परक्या गृहस्थांनीच भरले होते, ही गोष्ट ते मत बनवताना त्यांच्या तराजूत पडलेली दिसत नाही.

1879 मध्ये आर्मस्ट्राँग यांनी त्यांना हॅम्प्टनला परत बोलावून रात्रशाळा सोपवली. ज्यांच्याजवळ काहीच नाही असे तरुण दिवसा दहा तास संस्थेच्या लाकूड गिरणीत वा धुलाईघरात काम करीत आणि रात्री दोन तास शिकत. सुरुवातीला अवघे बारा विद्यार्थी होते. 'कमवा आणि शिका' ही कल्पना आता आपल्याला परिचयाची आहे. तिच्यातला जो भाग सहसा विसरला जातो, तो असा, की कमाई आधी संस्थेच्या वहीत साठवली जाई आणि पुढे दिवसाच्या शाळेत बसल्यावर त्या शिलकीतून खर्च भागे. थकलेल्या माणसाला कायम रात्रीच शिकायला लावणे हा त्या योजनेचा हेतू नव्हता. रात्रशाळा हा दिवसाच्या शाळेकडे नेणारा जिना होता.

टस्कीगी

1881 च्या मे महिन्यात आर्मस्ट्राँग यांना अलाबामाहून पत्र आले. टस्कीगी येथील पूर्वी गुलाम असलेले कारागीर लुईस अ‍ॅडम्स आणि पूर्वी गुलामांचे मालक असलेले व्यापारी जॉर्ज कॅम्पबेल यांच्या खटपटीने तिथे कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी शाळा मंजूर झाली होती आणि तिला प्रमुख हवा होता. पत्र लिहिणाऱ्यांच्या मनात गोरा माणूस होता. आर्मस्ट्राँग यांनी पंचवीस वर्षांच्या वॉशिंग्टन यांचे नाव कळवले. राज्य सरकारने वर्षाला दोन हजार डॉलर दिले होते, पण केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नाही, इमारत नाही. 4 जुलै 1881 रोजी तीस विद्यार्थ्यांसह एका मोडक्या घरात शाळा भरली. छप्पर इतके गळके होते, की पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून शिक्षकांच्या डोक्यावर छत्री धरी आणि पाठ पुढे चालू राही.

गावाबाहेर सुमारे शंभर एकरांचा एक पडीक मळा पाचशे डॉलरला विक्रीस निघाला. निम्मी रक्कम लगेच हवी होती. वॉशिंग्टन यांनी हॅम्प्टनच्या खजिनदारांना लिहिले आणि त्यांनी संस्थेचा पैसा देता येत नाही, म्हणून स्वतःच्या खिशातून अडीचशे डॉलर उसने दिले. हे तेच मार्शल. सोळा डॉलरची परतफेड ज्याच्या शब्दावर सोपवली होती, त्याला आता अडीचशे मिळाले.

मळ्यावरचा तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे झाडून-धुवून वर्ग भरवले गेले. रान साफ करायला विद्यार्थी नाखूश होते. त्यांच्यातले बरेच जण आधीच कुठे ना कुठे शिक्षकी करीत होते आणि शिक्षणाचा व कुऱ्हाडीचा संबंध त्यांना कळत नव्हता. वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढे झाले, तेव्हा ते मागोमाग आले. खिडक्या धुणाऱ्या मॅकीबाई इथे पुन्हा दिसतात. विटांच्या बाबतीत तर तीन भट्ट्या ओळीने फसल्या. पैसे संपले, तेव्हा त्यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकून चौथी भट्टी लावली आणि ती साधली. घड्याळ मात्र सोडवता आले नाही. एकोणीस वर्षांत तिथे चाळीस इमारती झाल्या आणि चार सोडून सगळ्या बहुतांशी विद्यार्थ्यांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या.

विद्यार्थ्यांची प्रत्येकाची वर्षाची पन्नास डॉलरची फी संस्था बाहेरून मिळवून भरत असे. जेवण्याराहण्याचा खर्च अंशतः कामातून आणि अंशतः रोख. 1884 मध्ये हॅम्प्टनच्याच धर्तीवर रात्रशाळा निघाली. दात घासण्याच्या ब्रशावाचून कोणाला राहू दिले जात नसे. आणि चादरी! दोन चादरींच्या मध्ये झोपायचे असते, हे विद्यार्थ्यांना शिकवावे लागे. पण प्रत्येकाला एकच चादर देण्याची ऐपत असताना हे शिकवणे जड जाई, असे त्यांनी मिस्किलपणे लिहून ठेवले आहे.

म्हणजे संस्था चालवताना या माणसाला सगळे आठवत होते. न्यू बेडफर्डच्या दात्याची जागा फीच्या तरतुदीने घेतली, मार्शल यांच्या उधारीची जागा शिलकीच्या वहीने, रफ्नरबाईंच्या घराची जागा रोजच्या तपासणीने आणि खोलीतल्या सात सोबत्यांची जागा वसतिगृहाने. भाषणांत मात्र तो तोल राहिला नाही. तिथे झाडू, कुऱ्हाड आणि वीट यांचेच गुणगान अधिक झाले आणि 18 सप्टेंबर 1895 च्या अटलांटा येथील गाजलेल्या भाषणात त्यांनी आपल्या समाजाला हक्कांच्या आग्रहाआधी उद्योग आणि बचत यांच्या वाटेने जाण्याचा सल्ला दिला.

आक्षेप

सर्वांत धारदार टीका डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1903 मध्ये केली. राजकीय सत्ता, नागरी हक्क आणि तरुणांचे उच्च शिक्षण या तिन्ही गोष्टी सोडून द्यायला वॉशिंग्टन सांगतात, असा त्यांचा आरोप होता. आणि कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतून शिकून आलेले शिक्षक नसते, तर खुद्द टस्कीगी एक दिवसही चालू शकले नसते, हे त्यांनी दाखवून दिले. ड्यू बॉइस हे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्याही उच्च शिक्षणाची सुरुवात गावातल्या चर्चमधील मंडळींनी काढलेल्या वर्गणीतून झाली होती. दोघांनाही इतरांनी हात दिला होता. एकाने त्यातून कष्टाचा धडा घेतला, दुसऱ्याने हक्काचा.

वॉशिंग्टन यांच्या बाजूने सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. मताधिकारावरील बंधनांना आव्हान देणाऱ्या खटल्यांना ते गुप्तपणे पैसे पुरवत होते. फिस्क आणि हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांच्या विश्वस्त मंडळांवर त्यांनी काम केले. त्यांची स्वतःची मुलगी पोर्शिया पियानो शिकायला बर्लिनला गेली. तिने आधी विटा भाजाव्यात असा हट्ट त्यांनी धरला नाही. दक्षिणेत ज्या काळात कृष्णवर्णीयांची सर्रास झुंडहत्या होत होती, त्या काळात अलाबामात राहून संस्था चालवणाऱ्याला काय बोलता येत होते आणि काय नाही, हाही विचार करावा लागतो.

हे सर्व मान्य करूनही माझा आक्षेप उरतो आणि तो त्यांच्या राजकारणाहून वेगळा आहे. आपण ज्या वाटेने वर आलो तीच वाट सर्वांना हितकारक, असे कष्टांतून आलेल्या माणसाला फार सहज वाटते. पदपथाखाली झोपलेला मुलगा शिकला हे खरे. तो पदपथाखाली झोपल्यामुळे शिकला, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळांवर अशी माणसे बसली, की 'आम्ही नाही का केले?' हा प्रश्न मुलाखतीत हळूच डोकावतो आणि समोरच्या मुलाला मदतीआधी झाडू दिला जातो. 1872 च्या त्या दिवशी ज्यांनी झाडूची परीक्षा दिली नसेल किंवा दिली आणि रुमालाला धूळ लागली, त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

14 नोव्हेंबर 1915 रोजी वॉशिंग्टन यांचा मृत्यू झाला, तेव्हा टस्कीगीत सुमारे दीड हजार विद्यार्थी आणि शंभराहून अधिक इमारती होत्या. त्याआधी तीन वर्षे त्यांनी उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतील शिल्लक रक्कम वापरून अलाबामात सहा छोट्या ग्रामीण शाळा बांधण्याची कल्पना मांडली होती. 1932 पर्यंत त्या योजनेतून दक्षिणेत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. प्रत्येक ठिकाणी स्थानिक कृष्णवर्णीय लोकांनी पैसा, जमीन किंवा श्रम यांतला आपला वाटा घातला होता; माल्डेनच्या म्हाताऱ्यांनी हातावर ठेवलेली पाच-पाच सेंटची नाणी इथे शाळांच्या भिंती झाली.

थोरला भाऊ जॉन हॅम्प्टनहून शिकून आल्यावर टस्कीगीलाच आला आणि तिथल्या सर्व उद्योगांचा प्रमुख झाला. धाकट्याच्या अंगाला टोचू नये म्हणून सदरा मऊ करून देणारा आणि धाकटा शिकत असताना खाणीत उतरणारा हा माणूस आत्मकथनात मोजक्या ओळींतच येतो.